मैदान कुणाचे, खुर्ची कुणाची?

फुटबॉलची बातमी म्हटली की कोण जिंकले, किती गोलांनी जिंकले आणि कोणता खेळाडू किती कोटींना विकला गेला, एवढेच आपल्यापर्यंत पोहोचते. संघ म्हणजे अकरा खेळाडू, असा समज त्यामुळे होऊन बसला आहे. परंतु युरोपातला फुटबॉल क्लब ही एक संस्था असते. तिला घटना असते, सभासदवही असते, संचालक मंडळ असते, ताळेबंद असतो. आम्ही पेशाने वकील. संस्थेच्या कपाटात चषक किती, हे आम्ही नंतर पाहतो. आधी तिच्या वहीत कुणाची नावे चढली आणि कुणाची खोडली गेली, ते पाहतो. त्या नजरेने हॉलंडच्या ॲम्स्टरडॅम शहरातील ‘आयाक्स’ या क्लबचा इतिहास तपासला तर एक गोष्ट स्पष्ट होते. या क्लबला मोठे केले ते बऱ्याच अंशी समाजाने कडेला ठेवलेल्या माणसांनी. पण मैदानावर त्यांना जागा जेवढी लवकर मिळाली, तेवढ्या लवकर खुर्ची मात्र मिळाली नाही.

आयाक्सची स्थापना 18 मार्च 1900 रोजी ॲम्स्टरडॅमच्या काल्व्हरस्ट्राट या रस्त्यावरील एका कॅफेत झाली. त्या कॅफेचे नाव होते ‘ओस्ट-इंडिए’, म्हणजे ईस्ट इंडीज. ज्या वसाहतींच्या लुटीवर डच व्यापाऱ्यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या, त्या वसाहतीचे नाव कॅफेच्या पाटीवर होते. क्लबला मात्र नाव मिळाले ते ग्रीक पुराणातल्या एका योद्ध्याचे. पांढऱ्या सदऱ्यावर मधोमध रुंद लाल पट्टा, ही त्याची आजची ओळख. हॉलंडमध्ये फुटबॉल हा पैसे घेऊन खेळण्याचा व्यवसाय 1954 साली झाला आणि 1956 साली ‘एरेडिव्हिझी’ ही राष्ट्रीय साखळी सुरू झाली. तिचे पहिलेच विजेतेपद आयाक्सने 1957 मध्ये मिळवले. 2022 पर्यंत या क्लबच्या नावावर हॉलंडची 36 विजेतेपदे जमा झाली. युरोपचा सर्वोच्च चषक त्याने 1971, 1972, 1973 आणि 1995 असा चार वेळा जिंकला. चषकांचा हिशेब एवढ्यात संपतो. आता वहीकडे वळू.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ॲम्स्टरडॅममध्ये सुमारे 80 हजार ज्यू राहत होते. आयाक्सचे मैदान शहराच्या पूर्व भागात होते आणि ज्यू वस्त्याही त्याच बाजूला होत्या. साहजिकच प्रेक्षकांत ज्यू होते, सभासदांत होते आणि खेळाडूंतही होते. त्यांतला एक एडी हॅमेल. जन्माने अमेरिकन, न्यूयॉर्कचा. 1922 ते 1930 या काळात तो आयाक्सच्या पहिल्या संघातून उजव्या बगलेवर खेळला, सव्वाशे सामने खेळला. लोक त्याच्या खेळावर फिदा होते.

मे 1940 मध्ये नाझी जर्मनीने हॉलंड ताब्यात घेतला. जर्मनांनी सगळे एका दिवसात केले नाही. आधी नोंदणी झाली, मग नोकऱ्या गेल्या, मग बागा, मग सिनेमागृहे, मग क्लब. 1941 मध्ये ज्यूंना क्रीडासंस्थांचे दरवाजे बंद करण्यात आले आणि आयाक्सच्या ज्यू सभासदांनाही बाहेर पडावे लागले. ॲम्स्टरडॅमच्या कामगारांनी ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध 25 फेब्रुवारी 1941 रोजी संप पुकारला, ट्राम थांबवल्या, शहर बंद पाडले. या संपाची नोंद इतिहासाने आदराने घेतली पाहिजे. पण फुटबॉल थांबला नाही. ज्या बाकांवर ज्यू बसत, त्या बाकांवर दुसरे बसले आणि साखळी सामने चालू राहिले. हॉलंडमधील सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी 1 लाखाहून अधिक मारले गेले. एडी हॅमेलचा अंत 30 एप्रिल 1943 रोजी ऑशविट्झच्या छळछावणीत झाला. अमेरिकन नागरिकत्व त्याच्या कामी आले नाही आणि सव्वाशे सामनेही कामी आले नाहीत.

येथे कायद्याच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा असे काही आहे. सभासदवहीतून नाव खोडणे ही दिसायला किती क्षुल्लक कृती! शाईची एक रेघ. कुणी गोळी झाडत नाही, कुणी हात उगारत नाही. एक चिटणीस फर्मान वाचतो आणि रेघ ओढतो. पण माणसाला आधी संस्थेतून, मग रस्त्यातून आणि शेवटी जगातून बाद करण्याच्या साखळीतली ती एक कडी असते. कडी जोडणाऱ्याला पुढची कडी दिसत नाही, किंवा तो पाहत नाही.

युद्धानंतर जे थोडे वाचले, त्यांतल्या काहींनी हाच क्लब पुन्हा उभा केला. याप व्हान प्राख हे ज्यू गृहस्थ युद्धकाळात लपून राहून वाचले होते. 1964 ते 1978 ते आयाक्सचे अध्यक्ष होते. तीन युरोपीय चषक त्यांच्याच कारकिर्दीत आले. क्लबला पैसा पुरवणाऱ्यांत एक ज्यू बांधकाम व्यावसायिक होता आणि युद्धकाळात जर्मनांची बांधकामे करून पैसा मिळवल्याबद्दल बदनाम झालेले ठेकेदार बंधूही होते! एकाच मंडपाखाली हे सगळे बसत. संस्थांच्या पोटात काय काय सामावते, याचा हा नमुना.

याच संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये सालो म्युलर नावाचा ज्यू फिजिओथेरपिस्ट होता. 1959 ते 1972 या काळात योहान क्रायफसारख्या खेळाडूंचे पाय त्याच्या हाताखालून गेले. 1942 मध्ये तो सहा वर्षांचा असताना त्याचे आईवडील पकडले गेले. डच रेल्वेने त्यांना वेस्टरबोर्कच्या छावणीत नेले आणि तेथून ऑशविट्झला. पोर लपवत लपवत एका घरातून दुसऱ्या घरात वाढले. डच रेल्वेने ही वाहतूक फुकट केली नव्हती. जर्मनांकडून तिने भाडे वसूल केले होते. रेल्वेने 2005 मध्ये माफी मागितली. पण म्युलरला शब्द पुरेसे वाटले नाहीत. भाडे घेतले ना? मग हिशेब द्या, असा त्याचा साधा सवाल होता. मानवी हक्कांच्या वकील लिस्बेथ झेगवेल्ड यांना सोबत घेऊन त्याने कोर्टात जाण्याची तयारी केली. नोव्हेंबर 2018 मध्ये रेल्वेने भरपाईचे तत्त्व मान्य केले आणि 2019 मध्ये छळातून वाचलेल्या प्रत्येकासाठी 15 हजार युरो ठरले. मृतांच्या जोडीदारांना आणि मुलांनाही रक्कम मिळाली. आयाक्सच्या चार चषकांइतकाच हा विजय मोठा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पंचाहत्तर वर्षे उलटली तरी दावा शिळा होत नाही, हे एका फिजिओथेरपिस्टने देशाच्या रेल्वेला शिकवले.

आता या इतिहासाचे पुढे काय झाले पाहा. 1970 च्या दशकापासून विरोधी प्रेक्षक आयाक्सला ‘ज्यूंचा क्लब’ म्हणून हिणवू लागले. उत्तरादाखल आयाक्सच्या प्रेक्षकांनी ते नाव स्वतःच घेतले; दाविदाचा तारा मिरवू लागले, आपल्याला ‘ज्यू’ म्हणवू लागले. त्यांतले बहुसंख्य ज्यू नाहीत. समोरच्या गॅलरीतून मग विषारी वायूचा फुसफुसाट काढला जाऊ लागला. शिवी उलटवून बिल्ला करणे हे पीडितांचे हत्यार असू शकते. पण ज्याने ती शिवी सोसली त्यानेच ते उचलावे. ज्याच्या घरातला एकही माणूस त्या गाडीत चढला नाही, त्याने तो बिल्ला लावला की मैदानावर तमाशा होतो आणि गॅलरीत बसलेल्या खऱ्या वारसदाराच्या कानांवर मात्र तो फुसफुसाट आदळतो. व्हान प्राखांचे पुत्र मिखाएल हेही 1989 ते 2003 आयाक्सचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळातही क्लबने हे थांबवण्याचे प्रयत्न केले. प्रेक्षकांनी ऐकले नाही.

क्लबच्या घडणीतला दुसरा प्रवाह वर्गाचा. योहान क्रायफ 1947 मध्ये मैदानाच्या शेजारच्या कामगार वस्तीत जन्मला. वडील भाजीविक्रेते, तो बारा वर्षांचा असताना ते वारले. आई आयाक्समध्ये साफसफाईचे काम करू लागली. ज्या खोल्या आईने झाडल्या, त्याच खोल्यांत बसून मुलगा जगातला सर्वोत्तम खेळाडू झाला. डच महासंघाच्या दौऱ्यावर पदाधिकाऱ्यांचा विमा उतरवलेला असतो आणि खेळाडूंचा नसतो, हे क्रायफच्या ध्यानात आले तेव्हा त्याने उघड तक्रार केली. ज्याचा पाय मोडायचा त्याला विमा नाही आणि जो खुर्चीत बसायचा त्याला विमा! क्रायफ हा भांडखोर, पैशाला पक्का, अशी टीका त्याच्यावर झाली. आम्हाला त्यात एका श्रमिक आईचा हिशेबी मुलगा दिसतो. 1973 मध्ये कर्णधार कोण, यासाठी संघात मतदान झाले. खेळाडूंनी क्रायफऐवजी पीट केझरला निवडले. क्रायफ बार्सिलोनाला निघून गेला आणि तीन चषकांचा तो संघ विस्कटला. लोकशाहीत मोठा माणूसही मताने हरतो, हे त्याला रुचले नसावे.

तिसरा प्रवाह समुद्रापलीकडून आला. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील सुरीनाम ही 1667 पासून डचांची वसाहत. ऊस, कॉफी आणि आफ्रिकेतून पळवून आणलेले गुलाम, यांवर तिचा कारभार. गुलामगिरी 1 जुलै 1863 रोजी संपली. तेव्हा भरपाई कुणाला मिळाली? गुलामांच्या मालकाला, दर गुलामामागे 300 गिल्डर! ज्याची पाठ फोडली त्याला छदाम नाही. उलट त्याला आणखी दहा वर्षे सक्तीने करारावर मळ्यात राबवले. 1873 मध्ये ही मुदत संपली आणि त्याच वर्षी ‘लाला रुख’ जहाजातून कलकत्त्याहून भारतीय गिरमिटिया मजूर सुरीनामला उतरवले गेले. 1916 पर्यंत असे सुमारे 34 हजार गेले.

25 नोव्हेंबर 1975 रोजी सुरीनाम स्वतंत्र झाला. त्या सुमारास देशातील जवळजवळ एक तृतीयांश लोक डच पासपोर्टवर हॉलंडला आले. ॲम्स्टरडॅमच्या आग्नेयेला बायल्मरमेर येथे मध्यमवर्गीयांसाठी प्रचंड इमारती बांधल्या होत्या. मध्यमवर्गीय तेथे फिरकले नाहीत. रिकामी घरे सुरीनामी कुटुंबांच्या वाट्याला आली. वस्ती बदनाम झाली. पण शहरातल्या अशाच कुटुंबांच्या अंगणांतून आयाक्सला खेळाडू मिळाले. फ्रँक रायकार्डचे वडील सुरीनामचे. आरोन विंटर, क्लॅरेन्स सीडॉर्फ, एडगर डाव्हिड्स यांचा जन्म सुरीनामची राजधानी पारामारिबोचा. पॅट्रिक क्लायव्हर्ट ॲम्स्टरडॅमला जन्मला. वडील सुरीनामचे, आई कुरासावची.

या पिढीने एक मोठा घाव सोसला आहे. 7 जून 1989 रोजी ॲम्स्टरडॅमहून निघालेले सुरीनाम एअरवेजचे विमान पारामारिबोजवळ कोसळले. 187 पैकी 176 जण ठार झाले. विमानात हॉलंडमध्ये खेळणाऱ्या सुरीनामी वंशाच्या फुटबॉलपटूंचा ‘रंगीबेरंगी संघ’ होता. मायदेशात मैत्रीचे सामने खेळून वस्तीतल्या मुलांना उमेद द्यावी, हा त्यांचा हेतू. आयाक्सचा गोलरक्षक लॉइड डुसबर्ग त्यात गेला. आरोन विंटर आणि ब्रायन रॉय यांना क्लबने परवानगी नाकारली होती, म्हणून ते वाचले. हाच विंटर 1992 मध्ये रोमच्या लाझिओ क्लबकडे गेला तेव्हा भिंतींवर ‘विंटर चालता हो’ अशा घोषणा रंगवल्या गेल्या. वर्णाने काळा, आला आयाक्समधून, पहिले नाव ज्यू वळणाचे आरोन आणि मधले नाव मोहम्मद! द्वेष करणाऱ्यांची केवढी सोय झाली!

24 मे 1995 रोजी व्हिएन्नात आयाक्सने एसी मिलानला 1-0 असे हरवून युरोपचा चषक जिंकला. सामना सुरू झाला तेव्हा मैदानावर रायकार्ड, सीडॉर्फ, डाव्हिड्स आणि रायझिगर हे चार सुरीनामी वंशाचे खेळाडू होते. नायजेरियाचा फिनिडी जॉर्ज होता. पुढे कानू आणि क्लायव्हर्ट बदली उतरले. 85 व्या मिनिटाला रायकार्डने चेंडू दिला आणि 18 वर्षांच्या क्लायव्हर्टने गोल केला. सारे ॲम्स्टरडॅम नाचले. सर्व वर्णांचा एक संघ, असे गोडवे वर्तमानपत्रांनी गायले.

मग वर्षभरातच काय घडले? 1996 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत डच राष्ट्रीय संघात भांडण पेटले. मूळ होते आयाक्सच्या पगारपत्रकात. त्याच चषकासाठी घाम गाळलेल्या तरुण काळ्या खेळाडूंना जुन्या गोऱ्या खेळाडूंपेक्षा कितीतरी कमी पैसे मिळत होते. क्लबचे म्हणणे असे की ज्येष्ठांचे करार नवे आहेत, तरुणांचे करार ते नवखे असतानाचे आहेत. कायद्याच्या भाषेत हे उत्तर बिनतोड वाटेल. पण करार ज्या क्षणी सही होतो, त्या क्षणी दोन्ही पक्षांची ताकद सारखी असते काय, हा प्रश्न वकिलाने विचारायचा नाही तर कुणी? डाव्हिड्सने प्रशिक्षकावर जाहीर टीका केली आणि त्याला स्पर्धेतून घरी धाडण्यात आले. जेवणाच्या वेळचे एक छायाचित्र छापून आले: एका टेबलाभोवती काळे खेळाडू, दुसऱ्याभोवती गोरे. दोष कुणाला दिला गेला? वेगळे बसणाऱ्यांना. वेगळा पगार देणाऱ्यांना नव्हे.

त्यांना सोडवले ते एका कोर्टाच्या निकालाने. ज्याँ-मार्क बोसमान हा बेल्जियमचा सामान्य खेळाडू. 1990 मध्ये लिएज क्लबशी त्याचा करार संपला, तरी दुसऱ्या क्लबने पैसे मोजल्याखेरीज त्याला जाता येईना. करार संपल्यावरही माणूस मालकीचाच राहतो काय, या प्रश्नावर तो पाच वर्षे लढला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: खेळाडू हा कामगार आहे आणि करार संपल्यावर तो मोकळा आहे. 1996 मध्ये डाव्हिड्स आणि रायझिगर, 1997 मध्ये क्लायव्हर्ट, एक पैसाही न देता मिलानला गेले. आयाक्सचे नुकसान झाले हे खरे. युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेची अंतिम फेरी 1996 नंतर त्याला पुन्हा गाठता आलेली नाही. पण त्या नुकसानीचे खापर न्यायावर फोडता येत नाही. बोसमानचे स्वतःचे खेळाडू म्हणून आयुष्य मात्र या लढ्यात संपले. वाट पाडणारा वाटेवरच राहतो.

1996 मध्येच क्लब नव्या स्टेडियममध्ये गेला, तेही बायल्मरच्या उशाशी. 1998 मध्ये आयाक्स शेअर बाजारात उतरला. 73 टक्के भाग सभासदांच्या संघटनेने स्वतःकडे ठेवले. म्हणजे आजही मालकी कुण्या एका धनिकाची नाही, सभासदांची आहे. व्यवस्था चांगली आहे. पण खुर्चीवर कोण? 2011 मध्ये पाच जणांच्या पर्यवेक्षक मंडळावर क्रायफसोबत डाव्हिड्स आला आणि मारियान ओल्फर्स या कायद्याच्या प्राध्यापिका आल्या. मंडळात वाद झाला तेव्हा क्रायफ डाव्हिड्सला म्हणाला की तू काळा आहेस म्हणून इथे बसला आहेस. स्थलांतरितांच्या मुलांशी त्याचा दुवा जुळावा, एवढाच आपला अर्थ होता, असा खुलासा क्रायफने केला. खुलासा मान्य करू. तरी झाडूवालीच्या मुलाच्या तोंडून हे वाक्य यावे, ही वेदना उरतेच. त्याच वादात इतरांनी क्रायफला डावलून लुई व्हान खालला संचालक नेमले. 2012 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. कारण साधे: एका सदस्याला निर्णयात सामील होण्याची रास्त संधी दिली नव्हती. मंडळावर बसवायचे आणि बैठकीला विचारायचे नाही, हे चालत नाही, असा या निकालाचा अर्थ. तो क्रायफला लागू, तसाच डाव्हिड्सलाही लागू.

शेवटची नोंद अब्देलहक नूरीची. मोरोक्कन वंशाचा, ॲम्स्टरडॅमचा, वीस वर्षांचा गुणी मुलगा. 8 जुलै 2017 रोजी ऑस्ट्रियात मैत्रीच्या सामन्यात तो मैदानावर कोसळला. मेंदूला कायमची इजा झाली. उपचार योग्यच झाले, असे क्लब आधी सांगत राहिला. कुटुंब हटले नाही. जून 2018 मध्ये क्लबने कबूल केले की मैदानावरचे उपचार अपुरे होते आणि जबाबदारी आपली आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये 78 लाख 50 हजार युरोंवर तडजोड झाली. त्याचा 34 क्रमांकाचा सदरा आता कुणाला दिला जात नाही. सदरा जपून ठेवणे हा सन्मान झाला. जबाबदारी मान्य करणे हा न्याय झाला. पहिल्याला समारंभ पुरतो, दुसऱ्यासाठी एक वर्ष भांडावे लागले.

हॅमेल, म्युलर, डाव्हिड्स, नूरी. एका क्लबच्या वहीतली ही चार नावे. एकाचे नाव खोडले गेले, दुसऱ्याने रेल्वेकडून हिशेब वसूल केला, तिसरा पगारासाठी बोलला म्हणून बंडखोर ठरला, चौथ्याच्या घरच्यांनी कबुली मिळवली. चौघांवरही टाळ्या पडल्या होत्या किंवा टाळ्या मिळवणारे पाय त्यांनी सांभाळले होते. टाळ्या हा हक्क नसतो. हक्क सभासदवहीत, करारपत्रात, विम्याच्या कागदात आणि बैठकीच्या नोटिशीत लिहिलेला असतो. म्हणून वाचकहो, कोणत्याही संघाचे अकरा जणांचे छायाचित्र कौतुकाने पाहावे जरूर. पण लगेच त्याच संस्थेच्या संचालक मंडळाचेही छायाचित्र मागावे. दोन्ही शेजारी ठेवले की संघ कुणाचा, हे सांगायला पंच लागत नाही.